थेंब थेंब

सोलापुरात वाढलेल्या माणसाला नळाच्या दोनच अवस्था ठाऊक असतात: पाणी आलं आणि पाणी गेलं. मिनेसोटात येऊन तिसरी कळली. पाणी आहे, पण थिजलंय.

चूक माझीच. परसातल्या नळाचा रबरी पाइप ऑक्टोबरातच सोडवून ठेवायचा असतो. इथला बाहेरचा नळ मोठा धोरणी. चावी भिंतीबाहेर, पण पाणी तोडणारी झडप फूटभर आत, घराच्या उबेला बसलेली. नळ बंद केला की मधलं पाणी उतारावरून आपोआप गळून जातं. पाइप तसाच लटकत राहिला तर ते जाणार कुठे? तिथेच गोठतं, नऊ टक्के फुगतं आणि तांब्याची नळी कापसाच्या बोंडासारखी उलते. तेही लगेच कळत नाही! एप्रिलमध्ये झाडांना पाणी घालायला नळ सोडावा, आणि तळघरात धार लागावी.

जानेवारीत, उणे २५ अंशांत, बर्फातून डोकावणारं पाइपचं हिरवं शेपूट दिसलं आणि माझ्या पोटात गोळा आला. आई आलेली होती. म्हणाली, "दोन निखारे धर की खाली." लाकडाच्या घराला निखारे! मी आतली मुख्य चावी बंद केली, नळाला गरम पाण्यात पिळलेला टॉवेल गुंडाळला, पाइप सोडवला, नळ उघडा ठेवला. मग तळघरात स्टुलावर चढून हेअर ड्रायर. भिंतीकडच्या टोकापासून सुरुवात करून हळूहळू मागे यायचं; मधेच तापवलं तर सुटलेलं पाणी बर्फाआड कोंडतं. अर्ध्या तासाने बाहेर बर्फाची एक कांडी पडली. आतली चावी जपून सोडली. आई भिंतीला हात लावून उभी. "कोरडी आहे गं."

त्या रात्री बाहेरच्या भिंतीवरचा स्वयंपाकघरातला नळ मी मुद्दाम ठिबकत ठेवला आणि सिंकखालच्या कपाटाची दारं उघडी टाकली. वाहतं पाणी सहसा गोठत नाही, गोठलंच तरी दाब साठत नाही, असं आईला समजावलं. तिने मान डोलावली. चार दिवसांआडच्या पाण्यावर संसार केलेली बाई.

सकाळी ओट्यावर पातेली, कुकर, डबे, इडलीपात्राच्या वाट्यासुद्धा काठोकाठ भरलेल्या. नळ ठिबकतच होता; खाली आता चहाचं भांडं होतं.