सेफ्टीभाऊ

अकोल्याच्या नाहीतर अमरावतीच्या एमआयडीसीतल्या कुठल्याही जिनिंगमध्ये शिरा. रुईच्या ढिगापुढं पिवळं हेल्मेट घालून, नाक वर करून हवेचा वास घेत कोणी उभा दिसला, तर तोच सेफ्टीभाऊ. कायद्यानं त्याला कोणी बोलावलेलं नाही. 1948 च्या कारखाने कायद्यानं सुरक्षा अधिकाऱ्याची सक्ती केली होती ती हजार कामगारांच्या कारखान्याला. इथं ऐन हंगामात बाया, हमाल, फिटर, मुनीम आणि शेठजींचा साळा धरला तरी शंभर भरत नाहीत. हा मूळचा स्टोअरकीपर. दुसरं कोणी रिकामं नव्हतं म्हणून शेठजींनी त्याला नागपूरला प्रशिक्षणाला धाडलं, आणि तो हेल्मेट घालूनच परतला. एसटीतही काढलं नव्हतं म्हणतात.

तेव्हापासून त्याच्या लेखी जगात दोनच तऱ्हेच्या जागा उरल्या. मागचं दार असलेल्या आणि नसलेल्या. लग्नाला गेला की नवरा-नवरीच्या आधी तो कार्यालयाची दारं बघतो. एकदा त्यानं व्यवस्थापकाला गंभीरपणे विचारलं, ‘‘इमर्जन्सी एक्झिट कुठी हाये?’’ व्यवस्थापक म्हणाला, ‘‘जेवन तिकडं हाये भाऊ, पंगत बसून राह्यली.’’

त्याची भीती मात्र खोटी नाही. कापसातून आलेला खडा किंवा खिळा सरकी काढणाऱ्या रेच्यात सापडला की ठिणगी उडते, आणि रुईला तेवढी पुरते. त्यातून रुईची आग मोठी लबाड. वरून पावडर मारली की विझल्याचं सोंग घेते आणि आत धुमसत राहते. 170 किलोच्या दाबलेल्या गाठीत शिरली तर बाहेरून पत्ताही लागत नाही. हे सगळं तो रोज सांगतो. रोज सांगतो म्हणूनच कोणी ऐकत नाही.

लाल बादल्यांचं दुःख त्याला सर्वांत मोठं. त्यातली वाळू म्हणजे त्याच्या मते देवघरातला अंगारा, आणि हमालांच्या मते खर्ऱ्याची पिचकारी टाकायची सोय. एकदा तर सगळ्या बादल्या रिकाम्या सापडल्या. चौकशी केली, तेव्हा कळलं की शेठजींच्या ओट्याला वाळू कमी पडली होती. चौकशी तिथंच थांबली.

रेच्यावर कापूस टाकणाऱ्या बायांना तो सकाळ-संध्याकाळ बजावतो, पदर खोचा, वेणी आत घ्या, पट्ट्याजवळ काही लोंबू देऊ नका. एक म्हातारी हात न थांबवता म्हणाली, ‘‘पयले तुमचा दुपट्टा काढा ना भाऊ, केव्हाचा लोंबून राह्यला!’’ दुपट्टा त्यानं काढला. गळ्यातली शिट्टीची दोरी मग तिनं दाखवली.

4 मार्च हा त्याचा दिवाळसण. राष्ट्रीय सुरक्षा परिषद 1966 साली याच तारखेला स्थापन झाली, म्हणून देशभर सुरक्षा दिन पाळतात. भाऊ त्या दिवशी शपथ देतो, बिल्ले वाटतो आणि मॉक ड्रिल घेतो. भोंगा वाजला की निम्मे लोक जेवणाची सुट्टी समजून डबे घेऊन निघतात. ‘एकत्र येण्याचे ठिकाण’ असा हिरवा बोर्ड त्यानं भर उन्हात रोवलाय, कारण नियमाप्रमाणे जागा मोकळी हवी. मार्चातच वऱ्हाडचं ऊन चटके देतं, म्हणून सगळे जमतात बाजूच्या निंबाखाली. हजेरीत नेहमी माणसं जास्तच भरतात. चहावाला, कापूस घेऊन आलेले दोन गाडीवाले, शिवाय गर्दी कसली म्हणून बघायला आलेला शेजारच्या दालमिलचा चौकीदार. आगीत माणूस हरवला तर काय करायचं, हे प्रशिक्षणात शिकवलं होतं. वाढला तर काय, हे नाही.

अग्निशमन दिनाचं त्याचं भाषण मात्र ऐकण्यासारखं असतं. 14 एप्रिल 1944 ला मुंबईच्या गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ बोटीला आग लागली. बोटीत दारूगोळा होता आणि कापसाच्या गाठीही होत्या. स्फोटात अग्निशमन दलाचे 66 जवान गेले, त्यांच्या आठवणीत हा दिन पाळतात. आता 14 एप्रिल म्हणजे बाबासाहेबांची जयंती, जिन बंद, आणि भाऊ स्वतः मिरवणुकीत पाण्याच्या टँकरवर. तेव्हा भाषण 15 तारखेला. ‘कापसाच्या गाठीही होत्या’ इथं तो थांबतो आणि कोणाच्या खिशात बिडीबंडल आहे ते बघत फिरतो.

गेल्या हंगामात एका गंजीतून त्यालाच पहिल्यांदा जळका वास आला. ज्वाळा नाही, धूर नाही. त्यानं भोंगा दिला, मेन स्विच पाडला, पाण्याची नळी ओढली. हमालांनी गंजी ओढून मोकळी केली, बायांनी घमेली-घमेली करून कापूस दूर नेला, आणि पोटातली धग भिजवून विझवली. शेठजी धावत आले तेव्हा सगळे चहा पीत होते आणि भाऊ एकटाच उन्हात, हिरव्या बोर्डाखाली, हजेरीपट घेऊन लालबुंद उभा होता.

‘‘एकबी माणूस इथं आला नाही!’’

‘‘आग तिकडं होती ना बाप्पा,’’ एक हमाल म्हणाला, ‘‘आमी इकडं कायले येऊ?’’