हवेवरचे काका

नवी मुंबईतल्या एखाद्या जुन्या सोसायटीच्या गच्चीवर पाण्याची टाकी ते लिफ्टची खोली अशी तिरकी तांब्याची तार दिसली आणि तिच्यावर कपडे नसले, तर खुशाल समजावं की या इमारतीत हॅमकाका राहतात.

हे काका टेलिफोन खात्यातून नाहीतर ठाणे-बेलापूर रोडवरच्या एखाद्या कंपनीतून निवृत्त झालेले असतात. ऐन तरुणपणी मोर्सची परीक्षा देऊन त्यांनी हौशी रेडिओचा, म्हणजे हॅमचा, परवाना काढलेला असतो. लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून ८०७ नंबरच्या व्हॉल्व्हचा ट्रान्समीटर स्वतः जोडलेला असतो. मग लग्न, बदल्या, मुलांची बारावी आणि सिडकोच्या घराचे हप्ते आले आणि सेट माळ्यावर गेला. निरोप समारंभात शाल-श्रीफळ मिळालं की दुसऱ्याच दिवशी काका शिडी मागायला वॉचमनकडे जातात.

माळ्यावरून आधी बुटांचं खोकं खाली येतं. त्यात संभाषणाची पोचपावती म्हणून देशोदेशींहून आलेली क्यूएसएल कार्डं असतात. सोव्हिएत संघ, पूर्व जर्मनी, युगोस्लाव्हिया. हे देश जगाच्या नकाशावरून गेले, पण काकूंनी तीन वेळा घर आवरूनही खोक्यातून गेले नाहीत.

निवृत्तीचा मुहूर्तही काकांना शास्त्रोक्त वाटतो. सूर्यावरच्या डागांचं चक्र साधारण अकरा वर्षांचं असतं. डाग वाढले की वातावरणाचा वरचा थर जास्त आयनीभूत होतो आणि रेडिओलहरी त्यावर आपटून लांबलांब जातात. २०२४च्या सुमारास हे चक्र ऐन भरात आलं. इमारतीतले बाकीचे ज्येष्ठ नातवाच्या पत्रिकेतला मंगळ बघत असताना काका रोज सकाळी सूर्याचे डाग बघत होते.

आता तार. चाळीस मीटरच्या बँडला वीस मीटर तार लागते आणि गच्ची निघते सोळा मीटरची. काका मधोमध बांबू उभा करतात आणि दोन्ही बाजूंनी तार उतरती सोडतात. खाली येऊन हेडफोन लावतात, तर कानात सातासमुद्रांऐवजी तिसऱ्या मजल्याचा एलईडी दिवा, पाचव्या मजल्याचा चार्जर आणि लिफ्टची मोटर. कुणाकडे काय लागलंय हे काकांना मीटर रीडिंगवाल्यापेक्षा जास्त ठाऊक असतं.

रात्री मात्र बँड उघडतो. काका घसा साफ करतात. ‘‘सी क्यू, सी क्यू...’’ पलीकडून खरखरीतून एक इटालियन म्हातारा उगवतो. उभी हयात पुण्याच्या नातेवाइकांना ‘मुंबई नाही, नवी मुंबई’ असं बजावणारे काका त्याला बिनदिक्कत ‘बॉम्बे’ सांगतात. आवाज फाइव्ह नाईन, नाव अमुक, तार तमुक, हवा दमट, शुभेच्छांचं सेव्हन्टी थ्री. संपलं. एवढ्यासाठी काका दीड तास जागलेले असतात. ‘‘आजोबा, व्हॉट्सअ‍ॅप आहे ना?’’ असं नातू विचारतो. काका सांगतात, ‘‘त्यात निरोप पोचतो रे. आवाज कसा येतोय, ते कोण सांगतं?’’ घरात त्यांचा आवाज सगळ्यांनाच येतो, पण रिपोर्ट कुणी देत नाही.

जेवतानाही बोटं स्वस्थ नसतात. वाटीवर मोर्समधलं सी क्यू, डा-डिट-डा-डिट, डा-डा-डिट-डा. जगाला उद्देशून केलेल्या या हाकेला उत्तर म्हणून काकू वाटीत आमटी वाढतात.

खरी परीक्षा सोसायटीच्या कमिटीची. काका तारेच्या परवानगीसाठी चार पानी अर्ज देतात : १९९३चा लातूरचा भूकंप, २००१चा भूजचा, २००४च्या त्सुनामीच्या वेळी तर हॅम मंडळी आधीपासूनच पोर्ट ब्लेअरला सेट लावून बसलेली, म्हणून निरोप बाहेर पडले. सेक्रेटरी सगळं मन लावून वाचतात आणि विचारतात, ‘‘काका, हे उत्तमच. पण आपल्या सीवूड्सला भूकंप कधी आहे?’’

त्यातच लिफ्ट अडकते. टीव्ही गेला, इंटरनेट मंदावलं, दूध नासलं, सगळ्याला काकांची तार जबाबदार. काका पुरावा म्हणून लॉगबुक घेऊन मीटिंगला जातात.

‘‘लिफ्ट अडकली संध्याकाळी साडेसातला,’’ सेक्रेटरी म्हणतात. ‘‘तुमच्या वहीत तर चौदा वाजलेत.’’

‘‘बरोबर आहे. लॉग जागतिक वेळेत ठेवतात. त्याचं असं आहे, ग्रीनिच म्हणून एक गाव...’’

काका फळ्याकडे वळून खडू शोधू लागतात. कमिटी घड्याळाकडे बघते. खजिनदार घाईने सूचना मांडतात, सेक्रेटरी अनुमोदन देतात आणि गच्चीवरच्या तारेला एकमताने परवानगी मिळते. काका अजून पृथ्वीचा गोलच काढत असतात.