पाहुण्याला हमीभाव

पुलगावच्या पंचक्रोशीत यंदा एक नवं पीक दिसू लागलंय. त्याला गुलाबी बोंडअळी लागत नाही, आणि ते विकायला सीसीआयच्या कापूस खरेदी केंद्राबाहेर रात्रभर गाडी लावून बसावंही लागत नाही. समृद्धी महामार्गावरून ते आपलं आपण येतं, काळा चष्मा लावून वावराच्या धुऱ्यावर उभं राहतं आणि विचारतं, "इथे नेटवर्क मिळतं ना?"

राज्य सरकारने 2020 साली कृषी पर्यटनाचं धोरण आणलं आणि एकरभर जमिनीच्या धन्यालाही पाहुणे ठेवायची मुभा मिळाली. अडचण एकच. "जेवून आलो" म्हणणाऱ्याच्या ताटातही दोन भाकरी वाढल्याशिवाय ज्या मुलखाचा जीव शांत होत नाही, तिथे पाहुण्यापुढे बिल ठेवायचं कोणी? ओळखीतल्या एका कास्तकार भाऊंनी पहिल्या गिऱ्हाइकाला सांगितलं, "राहू द्या, पुढच्या खेपेस पाहू." शेवटी पोराने ओसरीच्या खांबाला क्यूआर कोड चिकटवला. आता पाहुणा निघाला की भाऊ बैलांना पाणी दाखवायला जातात आणि खांब वसुली करतो.

सगळ्यात जास्त मागणी वेचणीला. वेचणाऱ्या बायांना किलोमागे मजुरी द्यावी लागते आणि सकाळी त्यांच्या दारात उभं राहून विनवण्याही कराव्या लागतात. पाहुणा उलट स्वतः पैसे मोजून ओटी बांधतो, पऱ्हाटीत शिरतो, बारा फोटो काढतो आणि तासाभरात पावशेर कापूस आणतो. त्यात निम्मा पाला. तो वहिनी रात्री निवडत बसतात. धोरणात या कामाला काही नाव नाही. 2024-25 च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला 7,521 रुपये होता. तो दिल्लीत ठरतो आणि व्यापाऱ्याच्या काट्यापर्यंत येताना ओलावा, कचरा अशा नावांनी झिजतो. पाहुण्याचा भाव मात्र भाऊंनी स्वतः ठरवायचा होता. आपल्या मालाला आपणच भाव लावायची सवय नसल्याने त्यांनी आधी इतका कमी सांगितला, की पाहुण्याला वाटलं, यात काहीतरी गोम आहे.

वहिनींची तर वेगळीच तऱ्हा. धुरातून सुटावं म्हणून घरात गॅस आणला. आता पाहुण्यांना सगळं चुलीवरचंच हवं. त्यामुळे गोवऱ्यांच्या आरावर रोडगे, वांग्याची भाजी, आणि वहिनी पदराने डोळे पुसतायत. त्याचाही फोटो निघतो. खाली लिहितात, 'मायेचा ओलावा'.

अंधार पडला की पुरुष पाहुणा हळूच जवळ येतो. "भाऊ, संध्याकाळची काही सोय?" गांधी-विनोबांच्या या वर्धा जिल्ह्यात गेल्या शतकातल्या सत्तरच्या दशकापासून दारूबंदी आहे. पण वर्धा नदी ओलांडली की अमरावती जिल्हा, आणि तिथे बंदी नाही, हे पुण्याहून आलेल्यालाही कसं कोण जाणे ठाऊक असतं. भाऊ म्हणतात, "नदी पाह्याची असंल त सकाळी जा. राती काय दिसते तिथं?"

सकाळी तर्री-पोहे खाऊन पाहुणा विचारतो, गावात पाहण्यासारखं काय? पुलगावचं नाव देशभर झालं ते दारूगोळ्याच्या भांडारामुळे, आणि तिकडे फोटो काढायला गेलात तर मुक्काम वाढेल. कापड गिरणी बंद. आर्वीची छोटी रेल्वेही थांबली. म्हणून भाऊ त्याला पुन्हा वावरात नेतात आणि डवरणी दाखवतात. तिचे पैसे वेगळे.

आता दिवाळीला जावई येणार. वहिनी दबक्या आवाजात म्हणाल्या, "त्यायच्याकडून तरी पैसे घेऊ नोका."

"नाही घेत," भाऊ म्हणाले. "पण वेचणी त्यायलेही दाखवू. दोन एकर राह्यली हाये."