मेलेल्यांचे नंबर विकणाऱ्या साहेबांस

लीडसम्राट साहेब,


आपली-माझी भेट कधी झाली नाही, पण आपल्याला परकं म्हणवत नाही. माझ्या क्रेडिट कार्डाचा नंबर आपल्याला पाठ आहे आणि दर सोमवारी आपण त्याची न चुकता विचारपूस करता. सख्खे नातेवाईकही इतक्या नेमानं आठवण काढत नाहीत.

न्यू जर्सीत आयटीतली नोकरी गेल्यावर पन्नाशी उलटलेल्या माणसाला कोण विचारतो? आपण विचारलंत. ‘राज्याचा विमा परवाना काढा, बाकीचं आमच्यावर सोडा,’ असं आपल्या वेबिनारमध्ये लाल गाडीला टेकून उभ्या असलेल्या गृहस्थांनी सांगितलं. ग्राहक आणायचे कुठून, या प्रश्नानं नव्या एजंटाच्या पोटात गोळा येतो. तो प्रश्न त्यांनी एका वाक्यात निकालात काढला: ग्राहक आम्ही पुरवू. त्याचं दरपत्रक मात्र परवाना हातात पडल्यावर आलं.

वाचकांसाठी थोडं सांगायला हवं. अमेरिकेत ‘फायनल एक्स्पेन्स’ नावाचा विमा विकला जातो. माणूस गेल्यावर अंत्यविधीचा खर्च मुलांच्या अंगावर पडू नये, एवढ्यापुरती ही पॉलिसी. साधारण पाच ते पंचवीस हजार डॉलरची, बहुतेक करून पन्नास ते पंचाऐंशी वयाच्या लोकांसाठी, वैद्यकीय तपासणीशिवाय, तब्येतीचे चार प्रश्न विचारून दिलेली. गरज खरी आहे. इथल्या अंत्यविधी व्यावसायिकांच्या राष्ट्रीय संघटनेनं २०२३ साली केलेल्या पाहणीत दफनासह अंत्यविधीचा मध्यक खर्च ८,३०० डॉलर निघाला, आणि त्यात दफनभूमीतली जागा धरलेलीच नाही. सोशल सिक्युरिटीकडून मृत्यूनंतर एकरकमी मिळतात २५५ डॉलर. तेही पती किंवा पत्नीला, ते नसतील तर नियमात बसणाऱ्या मुलाला. माल वाईट नाही, साहेब. वाईट आहे ती आपली यादी.

‘ताज्या, एक्सक्लुझिव्ह लीड’ म्हणून, म्हणजे फक्त मलाच दिलेली इच्छुक ग्राहकांची नावं-नंबर म्हणून, आपण जे एक्सेलचं पान पाठवलंत, त्यात ओळीनं लोकांची जन्मतारीख १ जानेवारी. आमच्या गावच्या शाळेत गुरुजी सरसकट सगळ्यांची १ जून लावायचे. अमेरिकेतही तसेच एखादे गुरुजी होऊन गेले असतील, अशी मी मनाची समजूत घातली. त्या यादीतल्या एका आजोबांच्या घरी फोन लावला. ‘अंत्यविधीच्या खर्चाची माहिती आपण मागवली होती,’ हे आपण घोकून घेतलेलं वाक्य म्हटलं. पलीकडच्या बाई क्षणभर गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, ‘अंत्यविधी मार्चमध्ये झाला. बिल पाठवू का?’

आपल्याकडे तक्रार केली, तर आपला माणूस म्हणाला की नंबर चालू होता, फोन उचलला गेला, म्हणजे लीड वैध. पैसे परत मिळणार नाहीत. या तर्कात खोट काढणारा मी कोण? देह नश्वर आहे, नंबर अमर आहे.

आणि लीड मिळवायला आपण म्हाताऱ्या माणसांना पाठवता त्या पोस्टकार्डांना तर तोड नाही! वर राज्याचं नाव ठसठशीत, कोपऱ्यात गरुड, खाली ‘अंत्यविधीचा सर्व खर्च देऊ शकणारी नवी योजना’. हे विम्याचं पत्रक आहे, हे वाचायला भिंग लागतं. सोशल सिक्युरिटी कायद्याचं कलम ११४० त्या खात्याचं नाव आणि चिन्हं वापरून दिशाभूल करायला मनाई करतं. म्हणून आपण नाव टाळता, वास तेवढा सरकारी ठेवता.

ट्रेंटनजवळच्या एका आजींच्या स्वयंपाकघरात त्याचा परिणाम बघितला. आजींनी आपण पाठवलेली सगळी कार्डं रबरबँड लावून, औषधांच्या डब्याशेजारी जपून ठेवली होती. सरकारी कागद फेकायचे नसतात म्हणून. फ्रिजच्या दारावर चुंबकाखाली माझ्याआधी येऊन गेलेल्या एजंटांची व्हिजिटिंग कार्डं होती, आणि त्यातल्या दोन कार्डांवर आपल्याच टीमचं बोधचिन्ह. एक्सक्लुझिव्ह लीड कशी असते ते त्या फ्रिजवर दिसलं. आजींनी चहा विचारला आणि मग म्हणाल्या, ‘तुमच्यापैकी खरा सरकारचा माणूस कोण?’

कायद्याचं आपलं ज्ञान दांडगं आहे, हे मान्य. १९९१ च्या टेलिफोन ग्राहक संरक्षण कायद्याखाली नियम मोडून केलेल्या एकेका फोनला ५०० डॉलर भरपाई द्यावी लागते, जाणूनबुजून केला असेल तर १,५०० पर्यंत. विक्रीचे फोन नकोत असं कळवणाऱ्यांची ‘डू नॉट कॉल’ नोंदणी २००३ पासून आहे. आपण छातीठोकपणे सांगता की तिथले नंबर गाळून यादी धुऊनपुसून दिली आहे. पण फोन माझ्या आवाजात जातो, माझ्या नंबरवरून जातो. कोर्टाचं पत्रही आधी माझ्याच पत्त्यावर येणार. एका टिचकीत ग्राहकाचा नंबर डझनावारी कंपन्यांना वाटला जाऊ नये, दर कंपनीसाठी वेगळी संमती घ्यावी, असा नियम सरकारच्या दूरसंचार आयोगानं २०२३ साली केला होता. तो जानेवारी २०२५ मध्ये लागू व्हायचा होता. तीन दिवस आधी संघराज्याच्या अपील न्यायालयानं रद्द केला. त्या संध्याकाळी आपल्या ऑफिसात पेढे वाटले गेले असणार.

आता थोडं हिशेबाचं. समजा, महिना ५० डॉलर हप्त्याची पॉलिसी विकली. वर्षाचे ६००. कमिशन ८० टक्के धरलं तर ४८०, त्यातले नऊ महिन्यांचे ३६० आगाऊ हातात. नवा एजंट खूश, बायकोला फोन. पेन्शनवर जगणाऱ्या ग्राहकानं तीन हप्ते भरून सोडलं की १२० माझे, २४० चार्जबॅक म्हणून परत. दिशाभूल करणारं कार्ड बघून ‘हो’ म्हटलेला माणूस पहिल्या ओढाताणीत हप्ता थांबवणारच. म्हणजे विमा कंपनीचे पैसे वळते झाले, ग्राहकाचे तीन हप्ते गेले, माझा पेट्रोलखर्च गेला. आपल्या लीडचे पैसे तेवढे सुरक्षित. पॉलिसी टिकली तर आपल्याला वरच्या पायरीचं कमिशन आहेच. नाही टिकली तरी पुढच्या वेबिनारला नवी मंडळी बसलेली असतात. आमच्या धंद्याला लोक मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारा म्हणतात. आपण तेवढी वाटही बघत नाही, जिवंत एजंटाच्या टाळूवरचं काढता.

लीड परवडत नसतील तर ओळखीत विका, हा आपला दुसरा मंत्र. शंभर नातेवाइकांची यादी करा म्हणे. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत, आरती झाल्यावर, प्रसादाच्या रांगेत मी कुठल्या काकांना विचारू की तुमच्या मागचं काय ठरलंय? ‘शुभ बोल रे नाऱ्या’ ही म्हण आम्ही अटलांटिक ओलांडून सोबत आणली आहे.

आपल्याला इतिहासाची आवड नसणार, पण माझ्या घरापासून फार लांब नाही म्हणून सांगतो. १८७५ मध्ये न्यूअर्कला जॉन ड्रायडन यांच्या प्रुडेन्शियलनं गिरणी-कारखान्यांतल्या कामगारांना अंत्यविधीचा विमा विकायला सुरुवात केली, आठवड्याला तीन सेंटपासून. एजंट दर आठवड्याला दारात येऊन पैसे घ्यायचा, वहीत नोंद करायचा. तो काळ सोवळा नव्हता. कृष्णवर्णीय ग्राहकांना तेवढ्याच पैशात कमी रक्कम देण्याचा उद्योग तेव्हाच झाला. पण कोणाच्या घरी कोण आजारी आहे आणि कोण गेलं, हे त्या एजंटाला ठाऊक असायचं. गेलेल्या माणसाला फोन करायची वेळ त्याच्यावर येत नव्हती.

ट्रेंटनच्या आजींचं राहिलं. त्यांची जुनी पॉलिसी चालू होती, हप्ताही कमी होता. नवी घेऊ नका, असं सांगून मी उठलो. काही आठवड्यांनी त्यांच्याच इमारतीतल्या एका बाईंनी मला बोलावलं, नंतर त्या बाईंच्या भावानं. दोघांच्या पॉलिसी अजून चालू आहेत. असे ग्राहक आपल्या दरपत्रकात कुठेच नाहीत, कारण ते विकत मिळत नाहीत आणि त्यांना वेळ लागतो. तेवढे महिने घर कसं चालवायचं, याचं उत्तर माझ्याकडेही सोपं नाही. मी अर्धवेळ नोकरी धरली आहे.

हे वाचणाऱ्यांपैकी कोणी इथे नवा परवाना काढला असेल, तर पैसे भरण्याआधी दोन गोष्टी लेखी मागा: ही नावं याआधी कितीजणांना विकली, आणि उद्या दुसरीकडे जायचं ठरवलं तर करारातून मोकळं केल्याचं पत्र किती दिवसांत देणार. उत्तराऐवजी लाल गाडीचा फोटो आला, तर एक डॉलरही देऊ नका.

कळावे,
आपल्या यादीतून नाव काढावे ही विनंती करणारा,
एक परवानाधारक