यूएनसी

नाणेकाकांच्या हातात रुपया द्यायचा नसतो. त्यांच्या टेबलावर मखमलीचा तुकडा अंथरलेला असतो, त्यावर ठेवायचा आणि तोंड मिटून मागं सरायचं. बोलताना थुंकीचा बारीक थेंब उडतो आणि चांदीवर त्याचा डाग पडतो, असं त्यांचं म्हणणं. (म्हणणं खरं आहे. त्यांची बहुतेक म्हणणी खरी असतात, हीच तर पंचाईत आहे.) मग काका रुपया दोन बोटांनी कडेला धरतात, दिव्याखाली तिरका करतात आणि हलके हलके फिरवतात. टांकसाळीतलं मूळ तेज शाबूत असेल, तर उजेडाची एक पट्टी राजाच्या तोंडाभोवती गरगर फिरते. घासलेला रुपया जागच्या जागी चकचकतो, बस. पट्टी फिरली की काका डोळे मिटून म्हणतात, "यूएनसी!" सत्यनारायणाला आलेला माणूस तीर्थ घेताना मिटतो, तसे.

यूएनसी म्हणजे जो रुपया टांकसाळीतून निघाला आणि पिशवीतच पडून राहिला. ज्यानं कधी भाजी आणली नाही, कुणाचं कर्ज फेडलं नाही, तो सर्वांत थोर. जो बिचारा गावोगाव फिरला, सराफाच्या दगडावर वाजला, राबला, तो दर्जानं व्हीएफ किंवा त्याहून खाली. राणीछाप रुपयावर आधी राणीचा गाल आणि कानावरचे केस झिजतात. पाचव्या जॉर्जच्या रुपयावर झग्यावरचा हत्ती पुसट होतो. काकांच्या जुन्या ऑफिसातले लोक म्हणतात, "हा माणूस तीस वर्षं आमच्यात यूएनसी राहिला. कामाचा एक ओरखडा नाही!" काकांना ही स्तुती वाटते.

त्या हत्तीची गोष्ट पाहुण्याला ऐकावीच लागते. १९११ च्या रुपयावर हत्तीची सोंड इतकी आखूड उतरली की लोकांना तो डुक्कर वाटला. ओरड झाली, रुपये मागं घेतले, वितळवले, आणि १९१२ च्या रुपयावर सोंड दुरुस्त झाली. गोष्ट दोन मिनिटांची आहे. काका चहा निवेपर्यंत सांगतात, आणि चहा त्या टेबलावर आणायची बंदी असल्यामुळे तो स्वयंपाकघरात निवतो.

काकांचा खरा शत्रू चिंच. शेजारच्या वहिनी एकदा माहेरचे रुपये रुमालात बांधून मोठ्या आशेनं घेऊन आल्या. काकांनी गाठ सोडली आणि कपाळाला हात लावला.

"कुणी घासले हे?"

"आईनं. दर लक्ष्मीपूजनाला घासते. चिंच लावून, वर रांगोळी."

"रांगोळी!" काका पुटपुटले. "आणि याला कडी होती."

"पुतळ्यांच्या माळेत मधे ओवला होता आजीनं. कसं कळलं हो तुम्हाला?"

"डाक दिसतोय ना राणीच्या डोक्यावर! वहिनी, वजन बरोबर आहे, ११.६६ ग्रॅम, तोळाभर. चांदी आहे. चांदीच्या भावानं द्या." वहिनींनी न बोलता रुमाल बांधला. आईच्या रुपयांना इतकं घालूनपाडून बोलणारा माणूस त्यांनी पहिल्यांदाच पाहिला असावा.

स्वतःच्या रुपयांच्या बाबतीत मात्र काकांची नजर मायाळू होते. जुन्या बाजारात घासाघीस करताना जो रुपया "जेमतेम व्हीएफ" असतो, तो सदाशिव पेठेत घरी येईपर्यंत एक पायरी चढून एक्सएफ झालेला असतो. बसच्या प्रवासात चांदीला काय होतं, हे शास्त्राला अजून सापडलेलं नाही.

हीच दृष्टी आता माणसांवरही चालते. पुतणीला सांगून आलेल्या मुलाबद्दल काका म्हणाले, "कड चांगली आहे, पण पॉलिश केलेला वाटतो." न्हाव्यानं केसांना कलप लावू का विचारलं, तर उसळले, "टोनिंग आहे ते! काळानं चढलेला रंग! नैसर्गिक! हात लावशील तर खबरदार!"

आणि अशा माणसाच्या स्वतःच्या देव्हाऱ्यात एक रुपया आहे, तो काकूंचा. साल १८६२. या सालाच्या रुपयात गंमत अशी की साल न बदलता ते १८७४ पर्यंत पाडले गेले, आणि मुंबईच्या टांकसाळीनं मागच्या बाजूला बारीक ठिपके देऊन वर्षांची खूण ठेवली. ठिपके किती, त्यावर भाव. काकूंच्या रुपयावर मात्र हळद-कुंकवाचा थर बसलेला आहे. दिवाळीला तेवढा तो चिंचेनं निघतो आणि पूजेत पुन्हा चढतो. धुवायचं काम काकूंचं. काकांनी त्या रुपयाला शिवायचं नाही, असा घरचा कायदा. "तो लक्ष्मी आहे, तुमचा माल नाही," असं एकदा ऐकवून झालं आहे.

म्हणून लक्ष्मीपूजनाच्या दिवशी, ताम्हनात रुपया धुऊन ठेवला की पहिलं कुंकू पडायच्या आत, काका पुढे होऊन नमस्काराला वाकतात आणि बराच वेळ उठत नाहीत. सुनेला सासऱ्यांच्या भक्तीचं फार कौतुक आहे. काकू हातात कुंकवाचा करंडा धरून थांबतात आणि शेवटी म्हणतात, "झाले का मोजून? भिंग ठेवा खिशात, आरती घ्यायचीय."