बाळंतिणीची खोली

"अवो वैनी, तिन्हीसांजेचं बॅटरी घिऊन जास्वंदीत काय शोधताय?"

"बुलबुल परत आली का बघतीया, अक्का. चार दिस झालं, घरटं रिकामंच."

पलीकडं कठड्यावर वाटीत पाणी, शेजारी तांदळाची कणी. वैनींनी सगळी बडदास्त ठेवलेली. मी घेवडा निवडत होते, सूप बाजूला सारलं.

"पिल्लं उडाली न्हवं? मग आता कशाला येतीया ती! घरटं म्हंजे तिचं घर न्हाई, बाळंतिणीची खोली हाय. अंडी उबवायला बारा-चौदा दिस, पिल्लं उडायला आणिक दहा-बारा. झालं."

"मग झोपत्यात कुठं?"

"पाल्याच्या दाटीत. अंग फुगवायचं, चोच पाठीवरच्या पिसांत खुपसायची की रात्र सरली. साळुंक्या तर एकाच झाडावर बाजार भरल्यागत कालवा करत बसत्यात. तांबट ढोलीत शिरतो. पाकोळी तेवढी येगळी, ती बारा महिनं आपल्या घरट्यातच झोपती."

"आन् सुगरण? एवढा खोपा बांधती ती!"

"ती कुठं बांधती? नाव बाईचं, राबतो बाप्या! पावसाळ्यात तिळगंगा नदीकडच्या बाभळींना बघा. नर अर्धा खोपा विणतो आन् खाली लटकून पंख फडफडवतो. मादी येती, आत शिरून बघती. पसंत पडला तर ऱ्हाती, मग तो खालची नळी पुरी करतो. आन् ती अंड्यांवर बसली की ह्यो शेजारीच दुसरा खोपा विणाय घेतो. दुसरीसाठी!"

"मेल्याला लाज कशी न्हाई!"

"सलीम अलींनी 1930 साली अलिबागजवळ किहीमला तळ ठोकून ही भानगड धरली, 1931 ला छापली बी. हंगाम सरला की समदा थवा रातीला उसात न्हाईतर पाणकणसात. जुन्या खोप्यात मग मुनिया शिरत्यात. फुकटचं घर."

वैनी जरा वेळ गप्प. बुलबुलीपेक्षा सुगरणीचा संसार त्यांच्या जास्त जिवाला लागला असावा. मग वाटीतलं पाणी जास्वंदीच्या मुळाशी ओतलं.

"जाऊ दे. उद्या सांजच्याला गडी येतोय, ही कुंपणावरची बोगनवेल तेवढी छाटून घेती."

"सांजच्याला नको वैनी, सकाळी बोलवा. आन् निम्मी ऱ्हाऊ द्या. दिवस मावळला की तिच्यात चिमण्या असत्यात, काल मी चाळीस मोजल्या."