डब्यावरचं विज्ञान

गेवराईच्या बाजारात ‘शैक्षणिक’ सूर्यमाला मिळते. तिच्यातला गुरू पृथ्वीपेक्षा जेमतेम बोटभर मोठा. खरा अकरा पट रुंद आहे, पण खोक्यात मावायला नको? शेजारचं रॉकेट बटण दाबलं की हिंदी गाणं म्हणतं. आत काय आहे बघायला पोरानं स्क्रू काढला, तर पाठीत धपाटा: “पैसे काय झाडाला लागलेत?” झालं, संशोधन संपलं! खेळण्यांतून विज्ञान शिकवणाऱ्या अरविंद गुप्तांनी आगकाड्या आणि सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब जोडून भूमिती शिकवली, २०१८ला पद्मश्रीही मिळाली. पण आगकाड्यांवर ‘वय ८+’ छापलेलं नसतं, मग पाहुण्यांना दाखवायचं काय? घ्यायचंच असेल, तर दुकानदाराला एवढंच विचारा: हे उघडून परत जोडता येतं का?